गिअर मारू नका, टाका



ऊस हंगाम सुरू झाला की कराड-सांगली पट्ट्यातल्या रस्त्यांना रात्रीची झोप नसते. रेठरे बुद्रुकच्या कृष्णा कारखान्याकडे, यशवंतनगरच्या सह्याद्रीकडे, सांगलीच्या वसंतदादा कारखान्याकडे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर एकामागे एक चाललेले असतात. डेकवर गाणी मोठ्याने लागलेली असतात. त्या गाण्यांवरही ताण करणारा एक आवाज मधून मधून कानी येतो. तो म्हणजे गिअरची करकर. आज त्या आवाजाविषयी लिहावयाचे आहे.

निमित्त झाले वाळवा तालुक्यातील एका भगिनीच्या पत्राचे. त्या लिहितात, "दोन हंगामांत ट्रॅक्टरची क्लच प्लेट दोनदा बदलली. या खेपेला गिअरबॉक्सही उघडावा लागला. मिस्त्री म्हणतो ऊस जास्त भरता. मुलगा म्हणतो माल हलका मिळाला. मालक म्हणतात ट्रॅक्टरच खोटा लागला. हिशेबाची वही माझ्याकडे असते म्हणून विचारते, पैसा नेमका कुठे जातो?"

ताई, ऊस जास्त भरला जातो हे खरेच आहे. दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा टनांच्या पुढे माल घालणारे पुष्कळ आहेत आणि त्याविषयी या सदरात पूर्वीही लिहून झाले आहे. परंतु तेवढ्याच उसाची वाहतूक करणारे दोन ट्रॅक्टर एकाच गावात असतात. एकाची क्लच प्लेट चार-चार हंगाम टिकते, दुसऱ्याची एका हंगामात जळते. माल तोच, रस्ता तोच. फरक असतो तो चालविणाऱ्याच्या डाव्या पायात. आपला पैसा बहुधा तिथूनच जातो आहे.

हे कसे होते ते समजून घ्यायचे तर क्लच म्हणजे काय ते आधी पाहिले पाहिजे. इंजिन फिरत असते आणि चाके उभी असतात. या दोघांची गाठ घालून देण्याचे काम क्लच प्लेट करते. इंजिनाचे फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये ती दाबून धरलेली असते. तिच्या दोन्ही अंगांना घर्षणाचे अस्तर असते. पाय दाबला की ती मोकळी होते, सोडला की पकडते. पकडताना क्षणभर ती घसरते, आणि तेवढे घसरणे आवश्यकच असते. चालत्या एसटीत चढणारा माणूस पाहा. (चढू नये, ही गोष्ट वेगळी.) तो गाडीबरोबर चार पावले धावतो, आपला वेग तिच्या वेगाला मिळवून घेतो आणि मग दांडा धरतो. जो जागचा न हलता दांडा धरील त्याचा खांदा निखळेल. क्लचचे घसरणे म्हणजे ती चार पावले होत. ती घेतलीच नाहीत तर हिसका बसतो. आणि चाराची चाळीस केली तर अस्तर जळते, त्याचा वास रानभर सुटतो.

हिसका केवढा असतो याचा एक साधा हिशेब मांडू. मिनिटाला २,००० फेरे घेणारे ट्रॅक्टरचे इंजिन लोच्या पहिल्या गिअरमध्ये ताशी अडीच किलोमीटर चालते असे धरा. मोठ्या चाकाचा घेर सव्वाचार मीटरच्या आसपास असतो. म्हणजे इंजिनाचे दोनशेवर फेरे होतात तेव्हा मागचे चाक एकदा फिरते. वेग जितका कमी केला तितका जोर वाढतो, हा गिअरचा धर्म आहे. इंजिनाचा जोर चाकाशी येईतो दोनशे पटींच्या घरात जातो. इंजिनाकडून निघालेला हिसकाही त्याच वाटेने जातो. वाटेत असलेल्या प्रत्येक दातावर, शाफ्टवर, क्राऊन-पिनियनवर तो आदळतो आणि शेवटी ट्रॉलीच्या हुकापर्यंत पोचतो. रेस देऊन, म्हणजे एक्सलरेटर दाबून धरून क्लच एकदम सोडला की फ्लायव्हीलमध्ये साठलेली सारी शक्तीही त्या हिसक्यात भर घालते.

बैलगाडीने ऊस वाहणारा गाडीवान हे कुणी न शिकविता जाणतो. भरल्या गाडीला तो एकदम आसूड ओढत नाही. आधी बैलांना नुसते हाकारतो. बैल पुढे झुकतात, जू खांद्यावर बसते, जोडाजोडातली ढिलाई निघते, आणि मगच तो जोर मागतो. ट्रॅक्टरच्या हुकात व पिनेत अशीच ढिलाई असते, आणि दोन ट्रॉल्या असल्या तर दोन ठिकाणी असते. क्लच हळू सोडून आधी ती ढिलाई काढावी. पहिली ट्रॉली ओढली गेल्याचे, मग दुसरी ओढली गेल्याचे बसल्या जागी कळते. त्यानंतर पाय पूर्ण काढून रेस वाढवावी. यास दोन-तीन सेकंद लागतात. एवढा वेळ ज्याला नाही त्याला पुढे मिस्त्रीच्या दारात दोन दिवस काढावे लागतात, कारण क्लच प्लेटपर्यंत पोचावयाचे तर बहुतेक ट्रॅक्टर मधून दोन भाग करून सोडवावा लागतो. ऐन हंगामात ट्रॅक्टर असा उभा राहिला की टोळीला दिलेली उचल अडकते. तुटलेला ऊस चोवीस तासांत गाळला जावा असे आपण सांगतो, तो बांधावर वाळत राहतो, वजन आणि साखर दोन्ही घटतात. क्लच प्लेटची किंमत दुकानदाराच्या पावतीवर असते. ही बाकीची किंमत, ताई, आपल्याला वहीत स्वतः मांडावी लागेल.

आता एका जिवावरच्या खेळाविषयी. भरल्या ट्रॉल्या ओढताना रेस देऊन क्लच सोडायचा आणि ट्रॅक्टरची पुढची चाके उचलून दाखवायची, ही हौस अलीकडे पोरांमध्ये वाढली आहे. मोबाइलवर त्याची चित्रफीत काढून पसरवितात. मागचे चाक भाराने किंवा चिखलाने अडले की चाक फिरत नाही म्हणून ट्रॅक्टरचे धूडच आसाभोवती फिरू लागते आणि तोंड वर उठते. एका मर्यादेपलीकडे गेले की ते परत खाली येत नाही, मागे उलटते. हे सारे एक-दोन सेकंदांत होते. क्लच दाबावयाचे सुचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. हूक जितका उंच तितका धोका जास्त, म्हणून ट्रॉली किंवा रुतलेले वाहन नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडावे. वरच्या टॉप लिंकला साखळी बांधून कधीही ओढू नये. ज्या घरचा मुलगा असा खेळ करतो त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी ट्रॅक्टरची किल्ली काढून घ्यावी, असे मी स्पष्ट सांगतो.

त्या मानाने आपल्याकडे जत्रांतून ट्रॉलीसह ट्रॅक्टर मागे घेण्याच्या ज्या स्पर्धा होतात त्या मला आवडतात. तिथे जो जिंकतो त्याचा पाय क्लचवर कसा हलका असतो ते पाहण्यासारखे असते. मात्र पुढचा गिअर काढून मागचा टाकताना ट्रॅक्टर पुरता थांबलेला पाहिजे. चाके पुढे चालू असता मागचा गिअर घुसविणे म्हणजे दोन बाजूंनी पळत आलेल्या बैलांची शिंगे एकमेकांत अडकविणे आहे.

गिअरबॉक्समधले काम क्लचसारखेच, वेग जुळविण्याचे आहे. फरक असा की इथे अस्तर नसते, पोलादाचा दात पोलादाच्या दाताशी भिडवायचा असतो. दोन्ही चक्रांच्या कडांचा वेग एक असेल तर दात हळूच बसतात. वेग निराळा असेल तर करकर होते आणि दातांची टोके झडतात. कराडमधल्या एका जुन्या मिस्त्रीने बाकड्यावर मांडून ठेवलेली चक्रे मला दाखविली होती. दात मधून शाबूत होते आणि टोकाला बोथट विळ्याच्या दातांसारखे गोल झालेले होते. तो म्हणाला, "साहेब, भारानं मोडल्याला दात बुडातनं मोडतुया. ह्यो हातानं मोडल्याला हाय."

हे वेग जुळविण्याचे काम यंत्राकडेच सोपविण्याची युक्ती १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत प्रथम आली. तिला सिंक्रोमेश म्हणतात. चक्राच्या तोंडाशी एक कडी असते, बहुधा पितळी. दात भिडण्याआधी ती कडी चक्राला घासते आणि त्याचा वेग सारखा करून घेते. आजच्या मोटारी, जीपगाड्या यांच्या पुढच्या गिअरांना ही सोय असते. आपल्याकडील पुष्कळ ट्रॅक्टरांना मात्र ती नसते, किंवा एखाद-दुसऱ्या गिअरलाच असते. म्हणून अशा ट्रॅक्टरचा गिअर थांबूनच बदलावा. हाय-लोचा दांडा तर चालत्या ट्रॅक्टरमध्ये हलवूच नये. चढावर दम लागेल असे वाटले तर चढाच्या पायथ्यालाच थांबून खालचा गिअर टाकावा. मध्यावर गिअर काढला आणि दुसरा पडला नाही की भरल्या ट्रॉल्या मागे ओढतात, अशा वेळी काय होते ते ज्याने पाहिले आहे तो पायथ्याशी थांबण्याचा कंटाळा करीत नाही.

जुन्या बिनसिंक्रो गाड्या चालविणारे ड्रायव्हर दोनदा क्लच दाबीत. एकदा दाबून गिअर काढायचा, क्लच सोडायचा, थोडी रेस द्यायची, पुन्हा दाबून खालचा गिअर टाकायचा. ती रेस वेग जुळविण्यासाठी असे. त्या पिढीतले निवृत्त ड्रायव्हर गावोगाव आहेत. पोरांनी त्यांच्याजवळ दोन दिवस बसावे.

आता घरच्या मोटारीकडे वळू, कारण ट्रॅक्टरवर लागलेली सवय मोटारीत येते आणि मोटारीतली ट्रॅक्टरवर जाते. हल्ली पुष्कळ घरांत जुनी का होईना, जीप किंवा छोटी मोटार आहे. शर्यतीच्या गाड्यांची दृश्ये पाहून मुले दांडा खटाखट ओढतात, गिअर बदलताना एक्सलरेटरवरचा पाय उचलत नाहीत. सिंक्रोची पितळी कडी आपले काम क्षणभरात करते, पण तो क्षण तिला द्यावा लागतो. दांडा जोराने रेटला की कडी झिजते. मग आधी दुसरा गिअर करकरू लागतो, पुढे टाकलेला गिअर आपोआप सुटू लागतो. शर्यतीवाल्यांचे सांगायचे तर त्यांच्या गाडीचे गिअरबॉक्स वेगळ्या घडणीचे असतात आणि वारंवार उघडून भाग बदललेले असतात. त्यांचा खर्च त्यांना परवडतो.

आणखी एक खोड म्हणजे गिअरच्या दांड्यावर हात टेकून गाडी चालविणे. त्या हाताचा भार आत सिलेक्टरच्या काट्यावर पडतो, आणि तो काटा फिरत्या कडेवर विनाकारण घासत राहतो. क्लचवर पाय ठेवून चालविण्याचेही तसेच. पायाच्या नुसत्या वजनाने क्लच अर्धवट सुटतो आणि रिलीज बेअरिंग रात्रंदिवस फिरत राहते. कारखान्याच्या वजनकाट्यापाशी लागलेल्या रांगेत हाफ क्लचवर वीत-वीत पुढे सरकण्याची जी पद्धत पडली आहे तिच्यात जेवढ्या क्लच प्लेटा जळतात तेवढ्या घाटात जळत नसतील. रांगेत न्यूट्रल करून पाय काढावा, पुढे दोन गाड्यांची जागा झाली की मगच हलावे. मध्ये कोणी घुसेल अशी भीती असते हे मला ठाऊक आहे. घुसू द्यावा.

सातारा जिल्ह्यात राहून घाटाविषयी लिहिले नाही तर लेख अपुरा राहील. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना गाडी पाचशे मीटरहून अधिक खाली येते. दोन टनांची भरलेली जीप पाचशे मीटर खाली येते तेव्हा जी शक्ती मोकळी होते तिची सगळी उष्णता केली तर बंबातले पंचवीस लिटर गार पाणी उकळीला येईल. ही उष्णता कुणीतरी खाल्ली पाहिजे. गाडी न्यूट्रल करून उतरविली तर ती बहुतांशी ब्रेकांच्या वाट्याला येते, ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. खालच्या गिअरमध्ये ठेवली तर मोठा वाटा इंजिन उचलते. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे. न्यूट्रलमध्ये तेल वाचते ही समजूतही चुकीची आहे. आजच्या इंजिनात गिअर टाकलेला असून एक्सलरेटरवरचा पाय काढला की उतारावर तेल सोडणेच बंद होते. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवण्यापुरते तेल जळत राहते.

पण खालचा गिअर उतार लागण्यापूर्वी टाकावयाचा असतो. वेग वाढल्यावर घाबरून तिसऱ्यावरून एकदम पहिला टाकला तर सर्वसाधारण मोटारीत इंजिनाला अडीच पटींच्या आसपास फिरावे लागते. मिनिटाला २,५०० फेरे चालले असतील तर ते सहा हजारांवर जातात. डिझेल इंजिनाला हे सोसत नाही. गव्हर्नर आहे ना, असे काही जण म्हणतात. गव्हर्नर तेल तोडतो, पण इंजिनाला चाकेच फिरवीत असतील तर तो काय करणार?

ट्रॅक्टरचे याहून वाईट आहे, आणि ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. लोच्या दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी पाच किलोमीटर जाणारा ट्रॅक्टर उतारावर क्लच दाबून मोकळा सोडला असे समजा. मागून ट्रॉली ढकलते आणि वेग वीसवर जातो. इंजिन आपल्या जागी सावकाश फिरत असते, म्हणून चालविणाऱ्यास वाटते की सारे ठीक आहे. परंतु क्लच प्लेट या वेळी इंजिनाशी जोडलेली नसून चाकांशी जोडलेली असते. ती चौपट, म्हणजे मिनिटाला ८,००० फेऱ्यांनी फिरत असते. अस्तराचे तुकडे उडून जातात. मग घाबरून पाय सोडला तरी क्लच पकडत नाही, आणि पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. वेग दुप्पट झाला की थांबविण्याचे काम चौपट होते, हे गणित त्याच्या जोडीला आहेच. अशा वेळी ट्रॉली ट्रॅक्टरला आडवा करते. उतारावर डावा पाय क्लचपासून दूर ठेवावा.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर, आज ज्यास आपण किर्लोस्करवाडी म्हणतो तिथे, लोखंडी नांगराचा कारखाना काढला. लोखंडी नांगराने जमीन नासेल या भीतीने त्या काळी शेतकरी तो घेत नसत, आणि पुढे त्याच नांगराने आपली काळी रान काढली. त्या नांगराचा फाळ झिजला की डोळ्यांना दिसे. गिअरबॉक्स बंद पेटीत असतो. त्याचे झिजणे कानाने, नाकाने आणि तेलावरून ओळखावे लागते.

इंजिन चालू ठेवून, गिअर न टाकता ऐका. क्लच दाबला की घरघर येते आणि सोडला की थांबते, तर रिलीज बेअरिंग गेले. उलट सोडला असता घरघर आणि दाबला की शांत, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग पाहावे. भार ओढताना इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाही, तेव्हा प्लेट घसरते आहे. सगळेच गिअर करकरत असतील तर दोष बहुधा गिअरबॉक्सचा नसतो, क्लच पुरता सुटत नसतो. पेडलची मोकळी खेळ पुष्कळ ट्रॅक्टरांना इंचभर लागते, आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत नेमका आकडा दिलेला असतो. खेळ कमी असेल तर प्लेट घसरते, जास्त असेल तर गिअर करकरतो. ही तपासणी पट्टी घेऊन घरच्या घरी होते.

तेल बदलताना जुने तेल पांढऱ्या थाळीत घ्या. (स्वयंपाकघरातली नको.) प्लगच्या लोहचुंबकावर काळसर मऊ गाळ असणे स्वाभाविक आहे. चकाकणारे कण किंवा कपच्या निघाल्या तर दात झडत आहेत. तेल ताकासारखे पांढरट दिसले तर पाणी शिरले आहे. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरचे आणि हायड्रॉलिकचे तेल एकच असते, म्हणून दुकानदार देईल ते न घालता पुस्तिकेत लिहिलेलेच घालावे. थंडीच्या दिवसांत पहाटे हे तेल दाट असते आणि गिअर जड पडतो. तेव्हा दांड्याशी झगडू नये, पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश जावे.

आता मुलींविषयी थोडे. प्रशिक्षण वर्गात हल्ली काही मुली ट्रॅक्टर शिकावयास येतात. त्यांना आधीची सवय नसते, जोर दाखविण्याची हौसही नसते. गिअर पडला नाही की त्या थांबतात, क्लच सोडून पुन्हा दाबतात, आणि तो पडतो. मी तरी त्यांच्या हातून करकर क्वचितच ऐकली आहे. घरातल्या मुलीला शिकवायचे की नाही हा विचार चालू असेल त्यांनी ही गोष्ट हिशेबात धरावी.

शिराळा आणि पाटण तालुक्यांतील भातवाल्यांसाठी एवढे सांगून थांबतो. पुष्कळ ट्रॅक्टरांत क्लचच्या घराच्या बुडाशी एक लहान भोक असते. चिखलणीच्या आधी ते प्लगने बंद करावे आणि चिखलणी आटोपली की प्लग काढून ठेवावा. तो तसाच राहिला तर आत आलेले पाणी किंवा गळलेले तेल साठून क्लच प्लेटला लागते. भोकातून तेल ठिबकताना दिसले तर सील गेले आहे असे समजून लगेच दाखवावे. चिखलाने भोक बुजले असेल तर इंजिन बंद करून तारेने मोकळे करावे.